वाचकांचे प्रश्न : चालताना ठीक, उभी राहिली की थरथरते

प्रश्न : माझ्याकडे 1998 ची कार्ब्युरेटरवाली मारुती 800 आहे. वर्धा रोडवर मस्त पळते, पण व्हरायटी चौकातल्या सिग्नलला थांबली की स्टिअरिंगपासून आरशापर्यंत सगळं थरथरतं. कधीकधी बंदही पडते. गॅरेजवाला म्हणतो, कार्ब्युरेटरच बदला. त्याआधी घरी काय तपासता येईल?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : कार्ब्युरेटर बदलायची घाई मुळीच करू नका. तुम्ही सांगता ती लक्षणं बहुतेक वेळा हवेच्या गळतीची किंवा तुंबलेल्या स्लो जेटची (गाडी उभी असताना इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या बारीक छिद्राची) असतात. आयडलिंगला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ मिटलेलं असतं आणि इंजिन फार थोडी हवा ओढतं. अशा वेळी फुटक्या पाइपातून शिरलेली जराशी हवाही मिश्रण पातळ करते, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. वेग वाढला की तेवढ्या हवेचं काही चालत नाही, म्हणून रस्त्यावर दोष जाणवत नाही.

पण आधी एक गोष्ट पक्की करा : एकच सिलिंडर मिस करतोय की तिन्ही बिघडलेत? गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून गरम होऊ द्या. सायलेन्सरच्या तोंडापासून चार बोटांवर पोस्टकार्ड धरा. ते एकसारखं फडफडलं तर तिन्ही सिलिंडर काम करताहेत. ठरावीक ठेक्यावर फडफड चुकत असेल तर एक सिलिंडर मेला आहे. कार्ड मध्येमध्ये आत ओढलं जात असेल तर जळलेल्या व्हॉल्व्हचा संशय घ्या.

मेलेला सिलिंडर कोणता, हे शोधायला चालू इंजिनची प्लगची वायर उपटू नका. झटका बसतो आणि इग्निशन कॉइलवरही ताण येतो. इंजिन बंद करून एक वायर काढा, तिच्या टोकाला जुना प्लग लावा आणि तो प्लग इंजिनच्या उघड्या धातूला तारेनं घट्ट बांधा, पेट्रोलच्या पाइपापासून लांब. मग गाडी चालू करा. चालीत काहीच फरक पडला नाही, तर दोष त्याच सिलिंडरमध्ये. त्याचा प्लग शेजारच्याशी अदलाबदल करून पाहा. मिसिंग शेजारी सरकलं तर प्लग गेला. नाही सरकलं तर वायर, मग डिस्ट्रीब्युटरची (प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाची) कॅप आणि रोटर तपासा. रात्री अंधारात बॉनेट उघडलं तर खराब वायरवर निळसर ठिणग्या रांगताना दिसतात. हे सगळं ठीक निघालं, तरच टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमधल्या दाबाकडे) वळा. घट्ट टॅपेट आवाज करत नाही, म्हणून तो नेमका दुर्लक्षित राहतो.

प्लगसाठी 21 मिलिमीटरचा पाना लागतो, गॅप 0.7 ते 0.8 मिलिमीटर ठेवा. हेड अॅल्युमिनियमचं आहे. त्यामुळे प्लग थंड इंजिनवर, शेवटपर्यंत हातानंच फिरवत न्या आणि नवा असेल तर पान्यानं फक्त अर्धा फेरा आवळा.

तिन्ही सिलिंडर सारखेच अडखळत असतील तर गरम इंजिनवर चोक जेमतेम पाव ओढा. चाल सुधारली तर मिश्रण पातळ आहे. आणखी बिघडली तर पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर आणि फ्लोट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) पाहा.

पातळ निघालं तर व्हॅक्यूमचे पाइप (इंजिनच्या ओढीवर चालणारे रबरी पाइप) एकेक करून चिमटा. एखादा चिमटल्यावर इंजिन सावरलं की चोर सापडला. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. रबर कडक होऊन नेमकं टोकाशी चिरतं. लांबी पुरत असेल तर सेंटीमीटरभर कापून परत बसवा. कार्ब्युरेटरखालच्या गॅस्केटभोवती साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा (डिस्ट्रीब्युटर सांभाळून). पाणी चिरेवर बसलं की क्षणभर चाल सुधारते. हे काम पेट्रोल शिंपडून करणारे बरेच दिसतात. गरम इंजिनवर तो सरळ आगीशी खेळ आहे.

गळती नसेल तर स्लो जेट काढून कार्ब क्लीनरनं धुवा, पायपंपानं हवा मारा. त्यात तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट वाया जातं. कार्ब्युरेटरवर वायरवाला सोलेनॉइड (विजेवर उघडणारा छोटा व्हॉल्व्ह) असेल तर चावी फिरवल्यावर 'टक' आवाज यायला हवा.

आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण आणखी पातळ होतं, आणि कार्ब्युरेटरला ते स्वतःहून सावरता येत नाही. टाकीतला जुना गाळही सुटून जेटपर्यंत येतो. म्हणून सगळी तपासणी झाल्यावर मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेऱ्यानं उघडत सर्वांत गुळगुळीत चाल शोधा आणि मग थ्रॉटलच्या स्क्रूनं आयडलिंग बेताचं करा. आधी स्क्रू किती फेरे उघडा होता ते लिहून ठेवा. तो तळाशी जोरानं आवळू नका, टोकाला खाच पडते. सगळ्यात आधी हाच स्क्रू फिरवला, तर खरा दोष झाकला जातो.

सीताबर्डीच्या बाजारात पंधरा मिनिटं उन्हात उभी ठेवल्यावर पहिला मिनिटभरच गाडी अडखळत असेल, तर ते कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उकळल्यामुळे. ती गळती नव्हे. आणि कार्ड एकसारखं फडफडत असूनही बॉडी हलत असेल तर इंजिनची फाउंडेशनची रबरं बदला.

प्रश्न : 2006 ची एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमानं इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी) गाडी आहे. बॅटरी बदलल्यापासून आयडलिंग सतत वर-खाली होतं.
– एक वाचक, हिंगणा

उत्तर : बॅटरी निघाली की कॉम्प्युटरनं साठवलेली आयडलिंगची जुळवणी पुसली जाते. एसी, दिवे बंद ठेवून गाडी पूर्ण गरम होऊ द्या, मग काही दिवस नेहमीसारखी चालवा. तरी राहिलं तर थ्रॉटल बॉडीवरचा काळा थर थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापडानं पुसा, आयडलिंगच्या हवेचा व्हॉल्व्हही साफ करा. त्याची सुई हातानं दाबू किंवा ओढू नका. आतले दाते मोडतात.