यूपीएस मोठा घेण्याआधी बॅटऱ्या कुठे ठेवल्यात ते बघा

ताई, तुमचं म्हणणं असं की परभणीच्या कॉलेजात सर्व्हर रूम वरच्या मजल्यावर आहे, यूपीएस 5 केव्हीएचा आहे, बॅटऱ्या दोनच वर्षांपूर्वी बदलल्यात, तरी लाइट गेली की सात मिनिटांत सगळं बंद पडतं. मग 10 केव्हीएचा घ्यावा का? माझं स्पष्ट मत, घेऊ नका. केव्हीए म्हणजे यूपीएस एका वेळी किती लोड उचलेल ते; ते वाढवून बॅकअप वाढत नाही, तो बॅटरीच्या एएचवर, म्हणजे साठवणीच्या क्षमतेवर ठरतो.

बॅटऱ्यांचा स्टँड पॅसेजमध्ये, पश्चिमेच्या खिडकीखाली आहे असं तुम्हीच लिहिलंय. दुखणं तिथंच आहे. एसएमएफ (पाणी घालावं न लागणाऱ्या सीलबंद) बॅटरीचं आयुष्य कंपनी सांगते ते साधारण 25 अंशांना धरून. त्यावर दर दहा अंशांना ते जवळपास निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43च्या पुढं जातो, आणि स्लॅबखालचा असा पॅसेज रात्रीसुद्धा निवत नाही. नवा यूपीएस आणून बॅटऱ्या तिथंच ठेवल्या तर पैसे पाण्यात.

आधी बॅटऱ्या तपासा. चार्जिंगवर सगळ्या साडेतेरा व्होल्ट दाखवतात, त्यावर जाऊ नका. सुट्टीच्या दिवशी, सर्व्हर नीट बंद करून, तेवढाच दुसरा लोड लावा, मेन्स (बाहेरून येणारी वीज) पाडा आणि एकेकीवर मीटर धरा. बाकीच्या बारावर असताना एखादी दहाच्या खाली आलेली सापडेल. सगळ्या एका माळेत असल्यानं ती एकटी सगळ्यांना खाली ओढते.

मग स्टँड तळमजल्यावर, उत्तरेच्या एखाद्या खोलीत हलवा. तिथं एक्झॉस्ट फॅन हवाच. स्टँड भिंतीला बोल्टनं आवळून घ्या. 1993ची किल्लारी पाहिलेल्या माणसांना याचं कारण सांगायला नको.

सर्व्हरच्या तोंडाशी हवा 18 ते 27 अंशांत असावी. घरगुती स्प्लिट एसी चोवीस तास चालायला केलेला नसतो, म्हणून दोन घ्या आणि टायमरवर आळीपाळीनं चालवा. लाइट आल्यावर एसी आपोआप सुरू होतो का, हे स्वतः मेन्स पाडून बघा. शनिवारी रात्री बंद पडलेला एसी सोमवारी सकाळी शिपाईमामांच्या लक्षात आला, तोवर एका सर्व्हरच्या दोन हार्ड डिस्क गेल्या होत्या, हे मी पाहिलंय.

आता अर्थिंग, ज्याकडे कुणीच बघत नाही. जालन्यात एका ठिकाणी दर उन्हाळ्यात नेटवर्क स्विच हँग व्हायचे. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर लावला तर 14 व्होल्ट! मागं जाऊन अर्थिंगचा खड्डा उघडला. काळ्या मातीला बोट आत जाईल एवढ्या भेगा, आणि माती अर्थिंगच्या पाइपापासून सुटलेली. आठ बादल्या पाणी ओतलं, तासाभरानं 3 व्होल्ट. एसीच्या ड्रेनचं पाणी तिकडे सोडतात ते चांगलंच, पण मे महिन्यात हवा कोरडी असते, ड्रेनला थेंबच येतात. टँकरच्या दिवसांत प्यायचं पाणी खड्ड्याला कोण देणार? कॉलेजात आरओ असेल तर त्याचं वाया जाणारं पाणी वळवा. त्यात क्षार जास्त असतात, अर्थिंगला ते उलट बरंच.

मेन्स पाडल्यावरचे मीटरचे आकडे आणि सर्व्हरचा एकूण लोड इथं टाका, किती एएचच्या बॅटऱ्या घ्यायच्या ते हिशेब करून सांगतो.