गनने ठोकलेलं फर्निचर कच्चं असतं का?

प्रश्न: घरी कपाट करायचंय आणि दारांना पट्ट्या मारायच्या आहेत. नेल गन कोणती घ्यावी आणि खिळे कुठल्या मापाचे? आमचे मिस्त्री म्हणतात, गनचं काम कच्चं असतं.

तुमच्या मिस्त्रींचं हे वाक्य मी आमच्या दादाच्या तोंडून धंद्यात पडल्यापासून ऐकतोय. तेव्हा गनचं नंतर सांगतो, आधी कच्च्या कामाचं.

आमच्या एका गिऱ्हाइकाचं कपाट दुसऱ्या कुणीतरी केलेलं. वर्षभरात त्याची बाजूची फळी सुटून बाहेर आली. आम्हाला बोलावलं. दादाने फळी हलवली, बारीक खिळे दिसले, आणि सगळ्या घरासमोर मला म्हणाला, "बघ तुझी गन." मी ती बाजू पूर्ण खोलली. १८ एमएमचा प्लाय आणि त्यात ३० एमएमचे खिळे. म्हणजे पलीकडच्या फळीत खिळा गेला जेमतेम १२ एमएम, तोही प्लायच्या कडेत, जिथे पकड मुळातच कमी. फेव्हिकॉलचा पत्ता नाही. स्क्रू एकही नाही. यात गनने काय केलं? हातोडीने तेच खिळे मारले असते तरी फळी सुटलीच असती.

दादाचा उपाय काय, तर दोन इंची खिळे हातोडीने. पहिल्याच खिळ्याला कड फुगली, थर सुटायला लागले. मग मी कडेला फेव्हिकॉल लावला, फळी गुण्यात, म्हणजे काटकोनात, धरून गनने ५० एमएमचे खिळे मारले आणि त्यावर आधी भोक पाडून वीतभर अंतरावर स्क्रू. कपाट आजही उभं आहे. दादा म्हणतो, स्क्रूमुळे. अरे, मग मी दुसरं काय म्हणतोय? वजन पेलायचं काम फेव्हिकॉल आणि स्क्रूचं. फेव्हिकॉल सुकेपर्यंत फळी जागेवर धरून ठेवणं, एवढंच गनचं. पट्टी मारताना तर एका हाताने पट्टी दाबायची आणि दुसऱ्याने गन, हे सुख हातोडीवाल्याला नाही. त्याला खिळा धरायला तिसरा हात लागतो.

आता तुमचं. एकच घ्यायची तर एफ-५० घ्या. १८ गेजचे खिळे (गेज म्हणजे खिळ्याची जाडी, आकडा मोठा तितका खिळा बारीक), ५० एमएमपर्यंत चालतात, प्लाय आणि पट्ट्या दोन्ही होतात. एफ-३० हलकी आहे पण ३० एमएमला संपते, कपाटाला पुरत नाही. काचेच्या पट्टीसारखं नाजूक काम असेल तर २३ गेजची पिन गन. भोक इतकं बारीक पडतं की ते बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, मारावी लागत नाही म्हटलं तरी चालेल. एसटी-६४ काँक्रीटची आहे, दुकानदार "सगळ्याला चालते" म्हणून गळ्यात मारेल, लाकडाला घेऊ नका. माप साधं: जी फळी ठोकताय तिच्या जाडीच्या अडीच-तीन पट खिळा. १२ एमएमच्या पट्टीला ३० पुरतो.

वायरवाल्या इलेक्ट्रिक गनच्या नादी लागू नका, सागवानात आणि बाभळीत खिळा अर्धा वर राहतो. एफ-५० हवेच्या दाबावर चालते, तिला कॉम्प्रेसर लागतो; छोटा चालेल, २४-२५ लिटरचा. दाब ७०-८० पीएसआयवर ठेवून आधी तुकड्यावर मारून बघा. एमडीएफला, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीला, दाब कमी करा. कोकणात किंवा बाथरूमजवळ काम असेल तर स्टेनलेसचे खिळे, नाहीतर गंज पट्टीवर उतरतो.

हो, आणि खिळा अडकला की आधी हवेचा पाइप काढा, मग गन उघडा. गाठ लागली की बारीक खिळा वळून फळीच्या बाजूने बाहेर येतो, त्यामुळे धरणारा हात खिळ्याच्या लांबीपेक्षा लांब.

मिस्त्रींशी वाद घालत बसू नका. त्यांनी केलेल्या जुन्या कपाटाची एक फळी खोलून दाखवायला सांगा आणि आत स्क्रू किती निघतात ते मोजा. आमच्या दादाला मी हे सांगितल्यापासून तो विषय बदलतो.