पायथॉनमध्ये जिफमधल्या फ्रेम झटपट कशा मोजायच्या? आमचे सीनियर म्हणतात, मोठा सर्व्हर घ्या

तुमच्याकडे ४०,००० जिफ (हलत्या चित्रांच्या फाइली) आहेत, एकेक फ्रेम उघडून मोजण्यात रात्र जाते, आणि थ्रेड वाढवून फायदा होईल का असं तुम्ही विचारलंय. त्यातलं सीनियरचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले.

फ्रेम उघडायचीच नाही. किती फ्रेम आहेत हे कळायला एकाही फ्रेमचं चित्र तयार करावं लागत नाही. हे मी २०१७ साली अंधेरीतल्या एका मीटिंग रूममध्ये तीनदा सांगितलं होतं.

दुकानांतल्या उभ्या स्क्रीनवर जाहिराती चालवणारी आमची छोटी कंपनी होती. दुकानदार जिफ चढवायचे. स्क्रीनमागच्या स्वस्तातल्या डब्याला जास्त फ्रेम झेपत नसत, म्हणून अपलोड होतानाच मोजणी करून मोठी फाइल परत पाठवायची असं ठरलं होतं. टीम लीडने लिहिलेला कोड तयार लायब्ररी वापरून प्रत्येक फ्रेम उलगडायचा, यादीत भरायचा आणि शेवटी यादीची लांबी सांगायचा. आता हिशोब करा. १०८० बाय १९२० चं चित्र, पिक्सेलमागे ४ बाइट, म्हणजे एक फ्रेम साधारण ८.३ एमबी. ९६ फ्रेम असतील तर जवळजवळ ८०० एमबी. आणि डिस्कवर ती फाइल असते २ एमबीची! सर्व्हरची मेमरी होती २ जीबी. गणपतीच्या आदल्या आठवड्यात दादरच्या रानडे रोडवरच्या तीन दुकानांनी एकाच वेळी ऑफरच्या जाहिराती चढवल्या आणि सर्व्हर बसला. संध्याकाळपर्यंत चार वेळा बसला.

मी म्हटलं, सर, प्लॅटफॉर्मवर उभं राहून लोकलचे डबे मोजता येतात, प्रत्येक डब्यात चढून माणसं मोजायची गरज नाही. ते म्हणाले, "अगं, लायब्ररी लिहिणारे काय वेडे आहेत? डिप्लोमावाल्यांना बाइट मोजायची हौसच फार." सगळ्यांसमोर. मी गप्प बसले. त्यांनी सर्व्हर ८ जीबीचा केला.

त्या रात्री जिफचं स्पेसिफिकेशन छापून घेतलं आणि डोंबिवली ते घाटकोपर, पुढे मेट्रोत, असं दोन दिवसांत वाचून काढलं. कॉम्प्युसर्व्हने १९८७ साली काढलेला हा फॉरमॅट, १९८९ ची सुधारित आवृत्ती, मोजकीच पानं. फ्रेमचा एकूण आकडा फाइलमध्ये कुठेही लिहिलेला नसतो. पण रचना इतकी स्वच्छ आहे की मोजायला अडचण येत नाही.

पहिले १३ बाइट म्हणजे सही आणि स्क्रीनची माहिती. त्यातला अकरावा बाइट १२८ किंवा जास्त असेल तर पुढे रंगांचा तक्ता येतो. त्या बाइटचे शेवटचे तीन बिट म्हणजे न धरा. तक्ता ३ गुणिले २ चा (न+१) वा घात इतका, जास्तीत जास्त ७६८ बाइट. तो ओलांडा. मग एक बाइट वाचा. ३३ आला तर एक्स्टेन्शन (जास्तीची माहिती), ४४ आला तर फ्रेम, ५९ आला तर फाइल संपली. आस्कीमध्ये, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात, हे उद्गारचिन्ह, स्वल्पविराम आणि अर्धविराम आहेत. मला ते फार आवडलं होतं.

४४ नंतर ९ बाइट फ्रेमची जागा आणि आकार सांगतात. नववा बाइट १२८ किंवा जास्त असेल तर त्या फ्रेमचा स्वतःचा रंगतक्ता, वरच्याच हिशोबाने ओलांडायचा. मग एक बाइट कॉम्प्रेशनचा. त्यानंतर डेटाचे तुकडे. प्रत्येक तुकड्याचा पहिला बाइट सांगतो पुढे किती बाइट आहेत, २५५ पर्यंत. तेवढी उडी मारा, पुन्हा वाचा, शून्य आला की डेटा संपला. ३३ नंतर एक बाइट प्रकाराचा, मग हेच तुकडे. ते संपले की पुन्हा ३३, ४४ की ५९ ते बघा; ४४ जितक्या वेळा आला तितक्या फ्रेम. डेटाच्या आत डोकवायचं नाही.

सगळी फाइल एकदाच मेमरीत वाचा आणि तिथे उड्या मारा. २ एमबीची फाइल म्हणजे साधारण आठ हजार उड्या. उडीगणिक डिस्कवर सीक केलंत, म्हणजे वाचायची जागा हलवलीत, तर मिळवलेला वेळ तिथेच घालवाल.

कोणी सांगेल की सरळ ४४ हा बाइट किती वेळा येतो ते मोजा. आमच्याकडेही एकाने तेच केलं. दाबलेल्या डेटात ४४ कुठेही येतो. दर २५६ बाइटांत एक धरला तरी २ एमबीत सात-आठ हजार 'फ्रेम' निघतात. ३३, २४९, ४ हे तीन बाइट लागोपाठ शोधण्याचा सल्लाही फिरत असतो. तो ग्राफिक कंट्रोलचा (फ्रेम किती वेळ दाखवायची वगैरे सांगणारा) तुकडा आहे, १९८९ च्या आवृत्तीतही ऐच्छिक आणि १९८७ च्या आवृत्तीत नाहीच. ज्याला हे माहीत नाही त्याने फॉरमॅट वाचलेला नाही, मग तो कितीही सीनियर असो.

माझा कोड साठेक ओळींचा झाला. शुक्रवारी लावला, पुढचे दहा दिवस सर्व्हर एकदाही बसला नाही. महिन्याच्या बैठकीत श्रेय ८ जीबीला मिळालं.

पिलो या पायथॉनच्या चित्रांच्या लायब्ररीतला एन_फ्रेम्ससुद्धा फाइलभर फिरूनच आकडा काढतो, तेव्हा तो आधी वापरून पाहा, कदाचित तेवढ्यावर भागेल. फक्त त्याच्यासोबत फ्रेम कॉपी करत बसू नका. फाइल हलते की नाही एवढंच हवं असेल तर दुसरी फ्रेम दिसताच थांबा. अर्धवट उतरलेल्या फाइलीत ५९ येतच नाही, म्हणून प्रत्येक उडीआधी फाइल संपली का ते तपासा. एपीएनजी (पीएनजीचा हलता प्रकार) असेल तर काम सोपं, एसीटीएल नावाच्या तुकड्यात आकडा लिहिलेलाच असतो, प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरवर १२ की १५ डबे दिसतात तसा. वेबपी या चित्रांच्या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये एएनएमएफ नावाचे तुकडे मोजावे लागतात. थ्रेडचं नंतर बघा, आधी उलगडणं बंद करा.

आणि सीनियरना पटवायचं असेल तर एकच मोठी जिफ घ्या, दोन्ही पद्धतींनी वेळ आणि मेमरी मोजा, आकडे मेलवर पाठवा, मॅनेजरला सीसीत ठेवून. तोंडी सांगू नका. मी तोंडी सांगितलं होतं.