भाषणं बंद करू का?

प्रश्न: ताई, यंदा आमच्या सेवा क्लबची सेक्रेटरी झालेय. दर मीटिंगला पाहुणा वक्ता शोधायचा म्हणजे डोक्याला ताप, आणि अर्धे मेंबर मोबाईलमध्येच असतात. काहीजण म्हणतात भाषणं बंद करा, नुसतं शाळांमध्ये वह्यांचं वाटप करू. काय करू?

उत्तर: बंद नका करू हो! १९२५ साली अंध आणि बहिऱ्या असलेल्या लेखिका हेलन केलर लायन्स क्लबच्या अधिवेशनात पाहुण्या म्हणून बोलल्या, अंधांसाठी पुढे या म्हणाल्या, आणि लायन्सनी दृष्टीचं काम जे धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही. एवढं एका भाषणातून झालं.

चुकतं कुठे, तर वक्ता निवडताना. तेच ते मोटिव्हेशनल स्पीकर, वर ओळख करून देण्यातच पंधरा मिनिटं जातात (ती ओळख तर खुद्द पाहुण्यालाही ऐकवत नाही!). त्यापेक्षा ब्लड बँकेतला टेक्निशियन बोलवा. तो सांगेल की प्लेटलेट साधारण पाचच दिवस टिकतात, लाल पेशी सहा आठवड्यांच्या आत वापराव्या लागतात, मग वर्षातून एकदाच दणक्यात शिबिर घेऊन फोटो काढण्यापेक्षा थोडे थोडे डोनर वर्षभर पाठवलेले बरे. हे ऐकल्यावर तुमचं शिबिराचं वेळापत्रकच बदलेल बघा.

वीस मिनिटं द्या, आणि शेवटी एकच विचारा, आमच्याकडून तुम्हाला नेमकं काय हवंय? उत्तर मीटिंगच्या नोंदवहीत लिहा आणि काम कोण करणार त्याचं नावही तिथेच टाका, नाहीतर पुढच्या मीटिंगला सगळे छताकडे बघतात.

वाटपाचं म्हणाल तर आधी शाळेला फोन करा. वह्यांचा ढीग पडलेला असतो आणि नळाला पाणी नसतं.