उष्णता सोसणारा मिश्रधातू थकून का तडकतो?

निकेलचा मिश्रधातू एवढी उष्णता सोसतो, तरी टर्बोचार्जरच्या (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या यंत्राच्या) चाकाला तडे का जातात आणि त्यावर नवा मिश्रधातू हाच उपाय आहे का, असे आपण विचारले आहे. पुण्याजवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यात अशाच भागांची तपासणी करणे हे माझे रोजचे काम असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

उष्णता सोसणे वेगळे आणि थकवा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ताणाने हळूहळू तडा जाणे, सोसणे वेगळे. निकेलमध्ये अ‍ॅल्युमिनियम व टायटॅनियम मिसळले की त्यात गॅमा प्राइमचे (निकेल आणि या धातूंच्या संयुगाचे) अतिसूक्ष्म कण तयार होतात; तापल्यावर त्यांचे बळ लगेच घटत नाही, उलट सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या पुढेपर्यंत वाढत जाते. थकवा मात्र तापमानाच्या चढउतारातून येतो. खंबाटकीचा घाट चढताना चाक लालबुंद होते. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की पातळ पाती झटकन निवतात, जाड गाभा गरमच राहतो आणि आकसू पाहणाऱ्या पात्यांच्या मुळाशी ताण येतो. हे हजारो वेळा घडते.

खरा पेच कणरचनेचा आहे. इथे कण म्हणजे वरचे गॅमा प्राइमचे कण नव्हेत, तर धातू ज्या लहान लहान स्फटिकांचा बनलेला असतो ते; दोन कण जिथे भिडतात ती कणसीमा. बारीक कण असले तर तडा सहसा सुरू होत नाही, पण मोठ्या उष्णतेत कणसीमा सरकू लागतात आणि धातू हळूहळू ताणला जातो. म्हणूनच विमानाच्या इंजिनात पाती जिच्यावर बसवतात ती चकती बारीक कणांची ठेवतात, तर सर्वांत तापणारे पाते कणसीमाच नसलेल्या एकाच स्फटिकाचे ओततात.

मध्यंतरी माझ्याकडे एक तडकलेले चाक आले होते. रासायनिक घटक अगदी प्रमाणात होते. तुटलेल्या पृष्ठभागावर मात्र ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा, थकव्याचा तडा टप्प्याटप्प्याने वाढल्याची खूण असलेल्या कमानी होत्या, आणि त्यांचा माग काढत गेल्यावर पात्याच्या मुळाशी, ओतकामात राहिलेली केसाच्या जाडीची एक पोकळी सापडली. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे आहे की, नव्या घटकांच्या शोधाआधी निर्वात भट्टीतील वितळण आणि ओतकामाची शुद्धता यांवर खर्च करावा. सुमारे १२०० अंशांवर आर्गॉनच्या प्रचंड दाबाखाली चाक ठेवले की आतल्या पोकळ्या बुजतात. मात्र पृष्ठभागापर्यंत उघडी असलेली पोकळी बुजत नाही, कारण वायू तिच्यातही शिरतो, आणि तिच्यासाठी प्रत्येक चाकाची डाय पेनिट्रंट (फटीत शिरणारा रंगीत द्रव लावून करायची) तपासणी करावीच लागते.