चांगला फ्रेमवाला ओळखायचा कसा?

प्रश्न: जलरंगातलं एक ओरिजिनल चित्र घेतलंय, कागदावरचं, आणि त्याच चित्रकाराचं एक चारकोलचं स्केच पण. दोन फ्रेमवाल्यांना दाखवलं. एकजण म्हणतो बोर्डावर पूर्ण चिकटवून देतो म्हणजे कागदाला लाटा येणार नाहीत. दुसरा म्हणतो चिकटवायचं नाही, वरून फक्त अडकवायचं, पण त्याचा खर्च जवळपास दुप्पट. कुणाकडे देऊ?

उत्तर: दुसऱ्याकडे द्या, अगदी डोळे झाकून नाही, पण कल तिकडेच ठेवा. पोस्टर असतं तर पहिल्याचं म्हणणं चाललं असतं, पण ओरिजिनल एकदा पूर्ण चिकटवलं की ते सुखरूप सोडवणं फार अवघड होऊन बसतं. शिवाय कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो, त्याला हलायला जागा लागतेच, म्हणून तर फक्त वरच्या कडेला अडकवतात. जलरंगाच्या कागदाला थोडी लाट असणारच हो, ती काही खोड नाही!

आता या दुसऱ्याला विचारा, अडकवणार कशाने? जपानी कागदाच्या बारीक पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ असं उत्तर आलं तर माणूस जाणकार आहे. ही खळ पाण्याने सुटते, आणि पट्टी मुद्दाम चित्राच्या कागदापेक्षा कमजोर घेतात, म्हणजे फ्रेम पडलीच तर पट्टी फाटेल, चित्र नाही. सेलोटेप किंवा डबलटेप म्हणाला तर सरळ चित्र उचलून घरी या, त्याचा गोंद कागदात मुरतो आणि पिवळे तपकिरी डाग पडतात जे नंतर काढता काढता नाकी नऊ येतात.

मग त्याने केलेली एखादी जुनी फ्रेम, दुरुस्तीला आलेली वगैरे, उघडून दाखवायला सांगा. बहुतेक लोक फ्रेमच्या पट्टीची डिझाइन बघण्यातच अर्धा तास घालवतात पण खरं काम मागच्या बाजूला असतं. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवती लावतात त्या खिडकी कापलेल्या बोर्डाच्या, खिडकीची तिरकी कड बघा, पांढरीच राहिली असेल तर बोर्ड चांगला, तपकिरी पडली असेल तर बोर्ड आम्लयुक्त, आणि तशीच तपकिरी रेघ चित्रावर पण उमटते. माउंट आणि मागचा बोर्ड दोन्ही ॲसिड-फ्री हवेत, शक्यतो कॉटन रॅग, म्हणजे कापसाच्या तंतूंपासून केलेले. नुसता माउंट भारीतला आणि मागे साधा पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड असेल तर उपयोग नाही.

काच चित्राला टेकता कामा नये, मधे माउंट किंवा स्पेसर (अंतर राखणारी बारीक पट्टी) हवाच, नाहीतर आत ओल धरून कागद काचेला चिकटतो. यूव्ही काच, म्हणजे अतिनील किरण अडवणारी, परवडत असेल तर घ्या, मात्र ती लावली म्हणून फ्रेम उन्हात टांगू नका, रंग साध्या उजेडानेही उडतात.

चारकोलला काचेऐवजी लावतात ते साधं ॲक्रिलिक (पारदर्शक प्लास्टिक) अजिबात नको, त्यात स्थिर वीज तयार होते आणि ती चारकोलची पूड ओढून घेते, तिथे काचच बरी. आणि द्यायच्या आधी स्वतः फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड कागदावर धरून ठेवणारा स्प्रे, मारत बसू नका, त्याने काळ्याच्या छटा बदलू शकतात, मारायचंच तर आधी चित्रकाराला विचारा.