सांदणच्या घळीत पहिल्यांदा उतरताना

भंडारदऱ्याजवळच्या सांदणच्या अरुंद, खोल घळीत जायचं म्हणतोयस तर डिसेंबर-जानेवारीत जा. पावसात त्या घळीत पायसुद्धा ठेवायचा नाही. वर डोंगरात जोराची सर पडली की घळीत लोंढा येतो आणि दोन्ही बाजूंना सरळसोट कातळ. पळणार कुठे?

साम्रद गावातून वाट सोपी आहे. आत शिरलं की थोड्याच वेळात पाण्याचे दोन डोह लागतात. पहिल्यात पाणी कमी, दुसऱ्यात कधीकधी छातीपर्यंत. मोबाईल आणि सुके कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅक डोक्यावर घे. ऊन तिथे जेमतेम पोचतं, त्यामुळे पाणी बर्फासारखं!

पुढे नुसते धोंडेच धोंडे. तळवे झिजलेले बूट नकोत. मी एकदा तसेच घालून गेलो आणि असा आपटलो, की आठवडाभर मांडी घालून बसता आलं नाही. भार टाकण्याआधी दगड पायाने दाबून बघ, डुगडुगला तर सोड.

पहिल्या खेपेला दोर लावून उतरायच्या टप्प्यापाशी मागे फिर. खाली उतरून करोली घाटाने परत यायचं असेल तर जाणकार सोबती आणि गावातला वाटाड्या हवाच. जेवणाचं मात्र निघतानाच गावात सांगून ठेव.